धाप, धूर आणि मापे : एटापल्लीहून दिसणारा फुफ्फुसरोगाचा इतिहास

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एटापल्ली तालुका इतिहासप्रेमींना बहुधा दोन कारणांनी ठाऊक असतो : अहेरीची जमीनदारी आणि सुरजागडचा डोंगर. आजचा धागा या दोहोंविषयी नाही. तो तिथल्या घरात पेटणाऱ्या चुलीविषयी, त्या चुलीपुढे आयुष्य काढणाऱ्या बाईच्या छातीविषयी आणि तिच्या आजाराची दखल घ्यायला वैद्यकशास्त्राला इतका उशीर का झाला याविषयी आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम आजाराची ओळख. डॉक्टर ज्याला ‘सीओपीडी’ म्हणतात त्यात फुफ्फुसातील वायुमार्ग कायमचे अरुंद होतात आणि वायुकोशांच्या नाजूक भिंती झिजून फाटतात. दम्यातही श्वासनलिका आक्रसतात, पण औषधाने त्या बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. येथे तसे होत नाही, गेलेले गेलेच. सुरुवात सकाळच्या खोकल्याने आणि बेडक्याने होते. मग डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना धाप लागते, मग सपाटीवर लागते, आणि अखेरीस बसल्या जागी. या साऱ्याला पंधरा-वीस वर्षे सहज लागतात. म्हणून घरच्यांना तो आजार वाटतच नाही, ‘वय झालं’ एवढेच वाटते.

भाषेचाही यात वाटा आहे. मराठीत श्वासाच्या त्रासाला शब्द भरपूर : धाप, ढास, दम लागणे, छातीचा भाता होणे. पण ही सारी लक्षणांची नावे. रोगाचे म्हणून नाव एकच, ‘दमा’, आणि त्या एका पिशवीत आपण सगळे कोंबतो. क्षयरोगाला राजयक्ष्म्यापासून टीबीपर्यंत नावांची परंपरा आहे. सीओपीडीला आजही रूढ मराठी नाव नाही. एटापल्लीच्या गावांत घरची बोली बहुतांशी माडिया. तेथे दवाखान्यातला मराठी शब्दसुद्धा परकाच.

आता थोडे मागे जाऊ. फ्रान्समध्ये रने लेनेक याने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला आणि १८१९ च्या आपल्या ग्रंथात शवविच्छेदनात दिसणाऱ्या फुगलेल्या, हवा कोंडलेल्या फुफ्फुसांचे वर्णन केले. लंडनच्या जॉन हचिन्सन याने १८४६ मध्ये श्वासमापक यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, मांडले आणि दोन हजारांहून अधिक माणसांना त्यात फुंकायला लावून प्रत्येकाच्या फुफ्फुसात किती हवा मावते ते मोजले. साधन तयार होते. तरीही पुढची शंभर वर्षे या आजाराला नेमकी व्याख्या मिळाली नाही. ती मिळायला एका शहराचा जीव गुदमरावा लागला.

डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराने भरलेले दाट धुके पाच दिवस लंडनवर बसून राहिले. तेव्हाच्या अंदाजाने सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढील अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. मेलेल्यांत मोठा भाग आधीच छाती अधू असलेल्यांचा होता. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. १९५८ मध्ये तेथील तज्ज्ञ एकत्र बसले आणि ‘जीर्ण श्वासनलिकादाह’ कशाला म्हणायचे, ‘वातस्फीती’ कशाला म्हणायचे, हे ठरवून १९५९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. लंडनचा धूर दिसण्यासारखा होता. तो रस्त्यावर होता, संसदेच्या खिडकीबाहेर होता.

याच १९५९ साली, याच विषयावर, दिल्लीतून एक निबंध प्रसिद्ध झाला. मराठी वाचकांत तो जवळजवळ अज्ञात आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

डॉ. एस. पद्मावती या भारतातील हृदयरोगशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. जन्म १९१७, ब्रह्मदेशातला. मृत्यू २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी. त्यांनी आणि त्यांचे सहकारी पाठक यांनी दिल्लीतील १२७ रुग्णांचा अभ्यास ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात मांडला. फुफ्फुसे जीर्ण आजाराने निकामी होत गेली की त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते व फुगते; त्या अवस्थेतले हे रुग्ण. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत हा वयस्क, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा आजार. दिल्लीत मात्र स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या बरोबरीचे निघाले, आणि रुग्ण तुलनेने तरुण. या बायका विडी-सिगारेट ओढत नव्हत्या. मग फुफ्फुसे गेली कशाने? लेखकांनी बोट ठेवले ते बालपणापासून श्वासात जाणाऱ्या चुलीच्या धुरावर, लाकडाच्या आणि शेणीच्या.

म्हणजे एकाच वर्षी ब्रिटनने आजाराला व्याख्या दिली आणि दिल्लीने त्याचे एक कारण दाखवले. पुढची चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांनी पहिले वाचले, दुसरे बाजूला ठेवले.

असे का झाले? माझ्या मते एक मोठे कारण म्हणजे मोजणी कोणाची झाली हे. १९७७ मध्ये चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांचा प्रसिद्ध निबंध आला. वयानुसार फुफ्फुसाची ताकद कशी उतरते आणि धूम्रपानाने ती घसरण कशी वेगावते, हे दाखवणारा त्यातला आलेख आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला जातो. काम उत्तमच. पण तो आलेख ७९२ माणसांच्या अनेक वर्षांच्या मोजणीवर उभा होता, आणि ते सारे लंडनमधले नोकरदार पुरुष होते. सिगारेट हे कारण ठसठशीत दिसले, कारण दुसरे कारण त्या अभ्यासात येऊच शकत नव्हते. त्यातून ‘सीओपीडी म्हणजे सिगारेट’ हे समीकरण घट्ट झाले. न ओढणारी बाई खोकत आली की डॉक्टरांच्या मनात हा आजार येईनासा झाला.

गंमत अशी की धुरावरचा उपाय तोवर विदर्भातच जन्माला आलेला होता. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला; जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. संघाचे ठिकाण मगनवाडी, म्हणजे मगनलाल गांधींच्या नावाने ओळखली जाणारी जागा. तेथे १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली : मातीची, एकाहून अधिक भांडी चढवता येणारी, आणि धूर नळीवाटे बाहेर सोडणारी. १९५३ मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी कोट्यवधींसाठी धूरविरहित स्वयंपाकघर असा विचार मांडून आपली चूल पुढे आणली. वैद्यकाने आजार नीट पाहण्याआधी ग्रामोद्योगवाल्यांनी धुराकडे पाहिले होते.

पण सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तो १९८३ मध्ये, आणि त्यामागची मुख्य चिंता फुफ्फुसांची नव्हती, जळणाची होती. जंगल तुटते आहे, सरपण कमी पडते आहे, तेव्हा कमी लाकडात जास्त स्वयंपाक व्हावा, हा हेतू. झाड मोजले गेले, श्वास नाही. ज्या गावात सरपणासाठी कोसभर पायपीट होती तेथे हा युक्तिवाद पटण्यासारखा होता. एटापल्लीसारख्या ठिकाणी, जेथे जंगल घराच्या कुडाला टेकते, तेथे लाकूड वाचवण्याची गोष्ट कोणाला का भिडावी? कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला.

धुराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहास एकांगी होतो. वनप्रदेशातल्या घरात धूर शत्रू म्हणून राहत नाही. आढ्याला टांगलेले बियाण्याचे मक्याचे कणीस धुराने किडीपासून वाचते. छपराचे गवत-बांबू टिकतात. डास हटतात. हिवाळ्याच्या रात्री विस्तवाभोवती माणसे झोपतात. पावसाळ्यात सरपण ओले, दार लोटलेले, आणि फुंकणीने फुंकून डोळ्यांतून पाणी येईतो विस्तव धरायचा. ‘चूल बाहेर मांडा’ हे उन्हाळ्यात सोपे. श्रावणात ते सांगणाऱ्याने स्वतः करून पाहावे.

शिवाय या रानातला एक धूर बाहेर जातो. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडला जातो, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून संकलन केंद्रावर नेला जातो, वाळवला जातो, आणि त्याच्या विड्या दूर कुठेतरी वळल्या नि ओढल्या जातात. एटापल्लीच्या अनेक कुटुंबांची वर्षातली रोख रक्कम या हंगामावर अवलंबून. ज्या पानाने घरात मीठ-कापड येते तेच पान कोणा परक्याच्या फुफ्फुसात जळते.

आता दोन अडथळ्यांविषयी. पहिला, क्षयरोग. स्वातंत्र्योत्तर भारतात खोकल्याचा सारा विचार टीबीने व्यापला, आणि ते योग्यच होते, कारण टीबी संसर्गाने पसरतो आणि उपचाराने बरा होतो. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, १९९७ मध्ये त्याचे सुधारित रूप आले. पुष्कळ दिवसांचा खोकला असेल तर थुंकी तपासा, हा नियम गावोगाव पोहोचला. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत तर? ‘टीबी नाही’ हे उत्तर मिळून बाई घरी परतायची. टीबी नाही हे कळले. काय आहे हे विचारण्याची व्यवस्था नव्हती. त्यातही एक खोच आहे : टीबी बरा झाल्यावरही फुफ्फुसावर जे व्रण राहतात त्यांतून पुढे श्वासमार्गाचा कायमचा अडथळा निर्माण होऊ शकतो. म्हणजे कार्यक्रमाच्या दप्तरात ‘बरा झाला’ अशी नोंद असलेला माणूसही पुढची वीस वर्षे धापा टाकू शकतो.

दुसरा अडथळा, मालक नसणे. चंद्रपूर-गडचिरोली हा १९८२ पर्यंत एकच जिल्हा, आणि त्याच्या पश्चिम भागात, वरोऱ्याला, एकोणिसाव्या शतकातच कोळशाची खाण निघालेली. खाणकामगारांच्या फुफ्फुसांना कायद्याने लवकर ओळखले. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील कामगारांत सिलिकोसिस असल्याचा अहवाल १९४७ मध्ये आला. १९५२ च्या खाण कायद्यात काही व्यवसायजन्य रोगांची सूचना देणे बंधनकारक झाले. या कायद्याने सगळे कामगार वाचले असे मुळीच नाही, अनेकांच्या वाट्याला नुकसानभरपाई आलीच नाही. तरी निदान प्रश्न विचारता येत होता : धूळ कोणाच्या खाणीतली? मजुरी कोण देतो? चुलीपुढच्या बाईला मालक नाही, हजेरीपट नाही, पाळी नाही. तिची फुफ्फुसे कोणत्याच खात्याच्या कक्षेत बसली नाहीत. आज सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज काढले जाते, ते वाहणाऱ्या मालमोटारी एटापल्लीच्या रस्त्याने जातात. त्या धुळीची नोंद कुठे करायची हे कायद्याला ठाऊक आहे. चुलीच्या धुराची नोंद करायला आजही जागा शोधावी लागते.

मग गडचिरोलीत श्वास कधी मोजलाच गेला नाही का? गेला, आणि अशा रीतीने की जगाने दखल घेतली. ही या धाग्यातली मला सर्वांत प्रिय गोष्ट.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली. एटापल्ली त्यांच्या या प्रयोगक्षेत्रात नव्हता, पण जिल्हा तोच, रान तेच. तेथे बालमृत्यूंचे एक मोठे कारण निघाले न्यूमोनिया. १९८८-८९ मध्ये त्यांनी ५८ गावांत एक प्रयोग केला व ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. लोकांना बालन्यूमोनियाची ओळख करून द्यायची, आणि गावातल्याच आरोग्यसेवकांनी व दायांनी तो ओळखून प्रतिजैविक द्यायचे. वर्षभरानंतर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, प्रयोगाच्या गावांत ८.१. निबंध १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

पण दाईने न्यूमोनिया ओळखायचा कसा? मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो यावर. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा : दोन महिन्यांखालच्या बाळाचा ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या मुलाचा ५० किंवा अधिक, तर धोका. दायांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि साठपर्यंत मोजणे ही अडचणच. तेव्हा ‘सर्च’ने एक साधे उपकरण बनवले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलात, तर बाळाला न्यूमोनिया. एवढेच. त्यावरचा निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. जे निदान डॉक्टरांच्या कानातल्या नळीत होते ते मण्यांवर आले.

त्याच घरात, त्याच चुलीजवळ, त्या बाळाची आजी खोकत बसलेली असणार. तिच्यासाठी मणी नव्हता. कारण केवळ दुर्लक्ष नव्हे. बाळाचा न्यूमोनिया चार दिवसांत मारतो व औषधाच्या काही गोळ्यांनी बरा होतो. आजीचा आजार वीस वर्षे घेतो व बरा होत नाही. शिवाय मापाचा प्रश्न. झोपलेल्या बाळाची छाती कोणालाही पाहता येते. सीओपीडीचे निदान मात्र स्पायरोमीटरवर होते : खोल श्वास घ्या, मग नळीत जीव खाऊन फुंका, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते एकूण हवेशी ताडून पाहायचे. श्वासनलिका फुलवणारे औषध दिल्यावरही हे प्रमाण सात दशांशाच्या खाली, तर मार्ग अरुंद. यात रुग्णाला समजावून सांगावे लागते, तेही त्याच्या बोलीत, आणि पुन्हा पुन्हा. हे यंत्र आपल्याकडे शहरांतल्या अनेक डॉक्टरांच्याही टेबलावर नसते. जन्मभर फुंकणीत फुंकणाऱ्या बाईला या एका नळीत कोणी फुंकायला सांगितले नाही.

यानंतरचा इतिहास भराभर सांगता येईल. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी उपकरणे बसवली. शहरातल्या हवेचे निकष लाजावेत इतका धूर त्यांच्या श्वासात निघाला. १९८४ मध्ये नेपाळमधून मृगेंद्रराज पांडे यांनी डोंगरी गावांतल्या जीर्ण श्वासनलिकादाहाचे आकडे दिले. १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी ग्रामीण स्त्रियांच्या धूर-धुळीने काळवंडलेल्या फुफ्फुसांना ‘झोपडीचे फुफ्फुस’ असे नाव दिले. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिले, आणि जगाला बजावले की यातले सर्वांत मोठे कारण जळणाचा धूर असू शकते. साळवी व सहकाऱ्यांनीच २०११ मध्ये एका दिवशी देशभरातल्या डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद करवली. त्यांतल्या निम्म्यांची तक्रार श्वसनाची होती. २०१८ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतातले सीओपीडीचे रुग्ण १९९० मधील २.८१ कोटींवरून २०१६ मध्ये ५.५३ कोटींवर गेले, आणि या आजाराच्या ओझ्यात हवेच्या प्रदूषणाचा वाटा तंबाखूच्या दुपटीहून अधिक होता.

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक अहवालाने २०२३ मध्ये सीओपीडीची कारणांनुसार विभागणी केली आणि सिगारेटच्या शेजारी जळणाचा धूर व प्रदूषण यांना स्वतंत्र प्रकार म्हणून जागा दिली. पद्मावतींच्या निबंधाला तेव्हा ६४ वर्षे झाली होती.

सरकारदरबारीही हालचाल झाली. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना आली, गॅसची जोडणी बाईच्या नावावर. जोडणी मिळणे आणि सिलिंडर पुन्हा भरून आणणे या दोन गोष्टी आहेत, हे रानातल्या गावाला समजावून सांगायला नको. लाकूड फुकट असते, सिलिंडरला पैसे आणि गाडी लागते. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये निघाला तो कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या नावाने. फुफ्फुसाचे जीर्ण आजार त्यात मागाहून आले.

या कार्यक्रमात आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक तक्ता भरतात. तो एटापल्लीतही भरायचा असतो. तक्त्याच्या पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातले आजार. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चाराच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची. दुसऱ्या भागात लक्षणे, त्यांत धाप आणि दोन आठवड्यांहून जास्तीचा खोकला. आणि मग पुढे एक छोटा भाग, नाव सीओपीडीची जोखीम : स्वयंपाकाला कोणते जळण वापरता? लाकूड, शेणी, पिकांचे अवशेष, कोळसा, रॉकेल, गॅस. आशाताई माडियात विचारतात, बाई चुलीकडे पाहून उत्तर देते, लाकडापुढे खूण होते.

तंबाखूला तक्त्यात गुण आहेत. लाकडाला नाहीत, तेथे फक्त खूण करायची असते.